‘स्वयं’वरचा मोफत कोर्स: नावनोंदणीपासून प्रमाणपत्रापर्यंत

‘स्वयं’ हे केंद्र सरकारचं पोर्टल जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. सार्वजनिक आरोग्य, जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र असे कितीतरी विषय तिथे फुकट शिकता येतात. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, असाइनमेंट, शंका विचारायची सोय, कशालाच पैसे नाहीत. पैसे लागतात ते शेवटच्या परीक्षेला, आणि ती देणं सक्तीचं नाही. मात्र प्रमाणपत्र किंवा कॉलेजचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) हवे असतील तर पहिल्या आठवड्यापासून नियम सांभाळावे लागतात. बहुतेकांचं घोडं अभ्यासापेक्षा तिथेच पेंड खातं.

कोर्स उघडल्यावर नावाला भुलू नका, तो कोण चालवतंय ते आधी बघा. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीचा उपक्रम म्हणजे एनपीटेल. त्यांची परीक्षा ते स्वतः घेतात. पदवीचे बरेच कोर्स सीईसी (कन्सॉर्शियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन) या संस्थेकडे, पदव्युत्तर यूजीसीकडे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाकडे. त्यांची परीक्षा एनटीए (नॅशनल टेस्टिंग एजन्सी) घेते आणि गुणांचं गणित वेगळं असतं. पुढचे आकडे एनपीटेलचे आहेत.

कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. क्रेडिट अनुक्रमे १, २ आणि ३. आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ येतात. टिपणं आणि असाइनमेंट धरून पाच तास बाजूला काढा. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून पहिल्यांदाच करत असाल तर ४ किंवा ८ आठवड्यांचा एकच घ्या. उत्साहाच्या भरात चार-चार कोर्सना नावं घालणारे तिसऱ्या आठवड्यात एकाचाही व्हिडिओ उघडत नाहीत. ‘कोणासाठी’ आणि ‘आधी काय यायला हवं’ हे दोन रकाने नीट वाचा. उदाहरणार्थ, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) चेन्नईतल्या साथरोगशास्त्र संस्थेचा ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ हा कोर्स: संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा, नमुना कसा निवडायचा, प्रोटोकॉल म्हणजे संशोधनाचा आराखडा कसा लिहायचा हे त्यात शिकवतात. नर्सिंग, फार्मसी, आयुर्वेद किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्याला प्रबंधाआधी तो करून ठेवणं फायद्याचं.

नाव नोंदवताना स्वतःचा, कायम चालणारा ईमेल द्या. कॉलेजचा दिलात तर कॉलेज सोडल्यावर प्रमाणपत्रापर्यंत पोचणं अवघड होतं. मुदतीच्या सूचना ईमेलवरच येतात, म्हणून स्पॅमचा कप्पाही अधूनमधून चाळा.

आता गुणांचं गणित. अंतिम १०० गुणांपैकी २५ असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे (परीक्षा १०० गुणांची, ते ७५ वर आणतात). १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६, चारच्या कोर्समध्ये ३. म्हणजे आजारपण, लग्नसराई यांसाठी थोडी मोकळीक आहे. पण ती पहिल्याच महिन्यात उधळू नका, कारण शेवटचे आठवडे अवघड असतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. इथे फसगत होते: असाइनमेंटमध्ये पैकीच्या पैकी २५ मिळाले आणि परीक्षेत १०० पैकी ३९, तर बेरीज ५४.२५ होते, तरी प्रमाणपत्र नाही, कारण ३९ चे ७५ पैकी २९.२५ होतात. एकूण ६० पासून प्रमाणपत्रावर ‘एलिट’ शेरा, ७५ पासून रौप्य, ९० पासून सुवर्ण. असाइनमेंटचे २० गुण खिशात असतील तर ‘एलिट’साठी परीक्षेत १०० पैकी ५४ लागतात.

असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११.५९ ला संपते. मुदतीपर्यंत कितीही वेळा पाठवता येते, शेवटची धरली जाते. म्हणून शनिवारीच पहिला प्रयत्न पाठवून टाका, मंगळवारी सुधारा. वीज आणि नेट नेमकं बुधवारी रात्रीच जातं, हे गृहीत धरा. मुदत गेल्यावर उत्तरं जाहीर होतात. चुकलेला प्रश्न कोणत्या व्हिडिओतला होता ते टिपून ठेवा, परीक्षेआधीची उजळणी त्यावरच करायची.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज: कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेचाही अर्ज झाला. तसं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची मुदत वेगळी आणि शुल्कही वेगळं. अलीकडच्या सत्रांत ते एका कोर्सला १,००० रुपये होतं. अर्जात आधार कार्डावरचंच नाव लिहा, प्रमाणपत्रावर तेच छापतात. केंद्राचं शहर निवडताना सकाळच्या सत्राला गावाहून वेळेत पोचता येईल का, ते एसटीच्या वेळा बघूनच ठरवा. घरी बसून परीक्षा देता येत नाही. छापलेलं हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र बरोबर हवं, मोबाइलवरचा फोटो चालेल या भरवशावर राहू नका.

क्रेडिट हवे असतील तर कोर्स सुरू होण्याआधी विभागप्रमुखांची लेखी मंजुरी घ्या. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयं’वरून घेता येतात, पण कोणते चालतील ते विद्यापीठ ठरवतं. निकालानंतर अर्ज घेऊन गेलात तर ‘आधी सांगायचं होतं’ एवढंच ऐकायला मिळेल.

इंग्रजीची अडचण असेल तर एनपीटेलच्या बऱ्याच जुन्या कोर्सच्या व्याख्यानांचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या किंवा बाळंतिणीच्या घरच्यांसाठी मात्र आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पातले आरोग्य-पोषणाचे छोटे व्हिडिओ अधिक उपयोगी. बाळाला अंगावर पाजताना कसं धरायचं ते त्यात सावकाश, टप्प्याटप्प्याने दाखवलंय, आणि मराठी आवाजातही आहे. त्यासाठी नोंदणीची वाट पाहायची गरज नाही.