तलावाच्या पारीवर सुरमईची तयारी

आमच्या भंडारा जिल्ह्यात समुद्र नाही, मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांत मरळीला गरी टाकून टाकून माझा हात बसला. म्हणून भाच्याने मालवणला सुरमईच्या होडीवर बोलावलं तेव्हा वाटलं, मासा तो मासाच. पहिली लागली, आणि अर्ध्या मिनिटात तंगूस, म्हणजे गरीची नायलॉन दोरी, कात्रीने कापावी तशी तुटली. मरळीसारखा गळ थेट तंगुसाला बांधला होता ना मी! सुरमईचे दात म्हणजे पाती. तर गड्याहो, गळाच्या वर हातभर पोलादी तार हवीच. आणि गळ एक नको, दोन. दुसरा चाऱ्याला लावलेल्या माशाच्या शेपटाकडे, कारण ही बया बरेचदा मागचं अर्धं तोडून नेते आणि पुढचा गळ कोराच राहतो.

खरी तयारी गावातच होते. किती ओढीला रिळातून तंगूस सुटावी, हे ड्रॅगवर, म्हणजे रिळाच्या ब्रेकवर ठरतं. तंगूस १५ किलोच्या ओढीला तुटणारी असेल तर ड्रॅग ४ किलोच्या आसपास. अंदाजाने नाही. मी मोहफुलं मोजायचा स्प्रिंगकाटा झाडाला बांधतो, तंगुसाचं टोक त्याला अडकवतो आणि काठी वाकवून ओढतो. काटा चारवर आला की तंगूस सुटायला हवी. मग तेच टोक पोराच्या सायकलच्या कॅरिअरला बांधायचं आणि त्याला पारीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पिटाळायचं; पोरगं म्हणजे पळती सुरमई. तो पळतोय तोवर काठी फक्त उभी धरा, रीळ फिरवू नका. सुटती तंगूस अंगठ्याने दाबू नका, माझी कातडी सोलली आहे. पोरगं दमून थांबलं की काठी उचला, खाली आणताना रीळ गुंडाळा. तंगूस सैल कधीच पडू द्यायची नाही. बायको म्हणते, स्वतः येडा झाला, पोरालाही केलं.

समुद्रात होडी चालती ठेवून चारा मागे ओढतात, ताशी १० किलोमीटर, म्हणजे त्या सायकलीएवढाच वेग. झटका बसल्यावर मरळीसारखा हिसका नको, होडीच्या ओढीनेच गळ रुततो. होडी दिसली की सुरमई पुन्हा पळते. तेव्हा घाईत ड्रॅग आवळला की गेली. वर घेतल्यावर गळ पक्कडीनेच काढा. कल्ले कापून रक्त काढलं की लगेच बर्फात.

जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, आपलीही तेव्हा धानाची रोवणी. दिवाळीनंतर निघा. उलटीची गोळी होडीत चढण्याआधी घ्या, चढल्यावर नाही.