विहिरीवरचा पाइप डोक्यावर नको: रोल केजची नळी घेताना या चुका टाळा

खान्देशात पाइपाला तोटा नाही. केळीच्या बागा, ठिबक, विहिरी, बोअर. तालुक्याच्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात पाइपांचे ढीग उभे असतात, आणि बोअर आटला की बांधावर वीस-वीस फुटी जीआय पाइप गंजत पडतात. त्यामुळे जुन्या महिंद्रा ५४० जीपला किंवा जिप्सीला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्या माणसांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, करायचा ठरला की पहिली नजर तिकडेच जाते. वेल्डरही सांगतो, "काय नही व्हत भाऊ, यावर हत्ती उभा करा." हत्ती उभा राहीलही. पण तोरणमाळकडच्या एखाद्या कच्च्या वळणावर गाडी कलंडते तेव्हा सगळं वजन एका कोपऱ्यावर, तिरकं आणि झटक्यात येतं. त्या झटक्याला नळी चेपली, वाकली तरी चालेल. तिचा जोड उघडता कामा नये.

पाण्याचा पाइप घेणं

दुकानातला काळा किंवा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप आयएस १२३९ या मानकाचा असतो. तो पाणी, वाफ, हवा वाहून नेण्यासाठी आहे; त्यात बघायचं ते गळती. त्याची किमान ताणशक्ती, म्हणजे ओढल्यावर तुटेपर्यंत सोसलेला ताण, ३२० मेगापास्कल धरलेली आहे. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटना, म्हणजे एफआयए, रोल केजसाठी किमान ३५० मागते आणि तीही जोड नसलेल्या, गार ओढलेल्या (न तापवता साच्यातून ओढलेल्या) नळीत. आकडे फार लांबचे नाहीत, हे खरं. म्हणून नवा काळा, मध्यम जाडीच्या वर्गाचा पाइप अगदीच टाकाऊ असं मी म्हणणार नाही. बांधावरचा जुना मात्र नकोच. बाहेरून ब्रश मारून तो चकचकीत होतो, पण आतून पाण्याने खाल्लेला असतो आणि कुठे किती खाल्ला ते दिसत नाही.

जीआयचा आणखी एक त्रास म्हणजे जस्त. वेल्डिंग करताना ते जळतं, पांढरा धूर निघतो, टाक्यात बारीक छिद्रं राहतात, आणि बंद शेडमध्ये दिवसभर तो धूर ओढलेल्या वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. जस्त घासून काढता येतं. आतल्या बाजूचं कोण घासणार?

मागायचं ते असं: वाहनांच्या नळ्यांचं मानक आयएस ३०७४, त्यातली सीडीडब्ल्यू किंवा सीडीएस नळी. साधी ईआरडब्ल्यू नळी म्हणजे पट्टी गोल वळवून कडा विजेच्या उष्णतेने जोडलेली. तीच पुन्हा साच्यातून गार ओढली की सीडीडब्ल्यू. जाडी एकसारखी होते, ताकद वाढते. सीडीएसला जोडच नसतो. हा माल गल्लीतल्या दुकानात मिळत नाही, पुणे-मुंबईच्या व्यापाऱ्याकडून मागवावा लागतो. सोबत त्या लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. "सर्टिफिकेट कशाला, दादा, माल एक नंबर आहे" असं उत्तर आलं तर दुसरा व्यापारी बघा.

'दीड इंची द्या' एवढंच सांगणं

पाण्याच्या पाइपाचा इंच आतल्या पोकळीच्या हिशोबाने चालतो. दीड इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी भरतो, एक इंचीचा ३३.७. केजच्या नळीचं माप मात्र बाहेरच्या व्यासावर आणि भिंतीच्या जाडीवर सांगतात. फोनवर 'दीड इंची' म्हणालात तर एक जण ४८ मिमी देईल आणि दुसरा ३८. जाडीचाही तोच घोळ: १४ गेज म्हणजे साधारण २ मिमी, १६ गेज १.६, १८ गेज १.२. फर्निचरवाल्याकडचा १६ गेजचा पाइप हाताला भक्कम लागतो, पण केजच्या कामाचा नाही. दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून द्या.

एफआयएचा किमान हिशोब असा आहे: सीटमागच्या मुख्य कमानीला ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी. अमेरिकेतल्या वाळवंटी शर्यतींच्या गाड्यांत पावणेदोन इंच व्यास आणि ३ मिमी जाडी सर्रास दिसते.

माल आला की व्हर्नियर लावा, पण फक्त टोकाला लावून समाधान मानू नका. वजन करा. मिमीमधला व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६, हे झालं मीटरमागे किलो. ४५ × २.५ ची सहा मीटरची लांबी १५.७ किलो भरायला हवी. काट्यावर १२.७ आली तर तुमच्या हातात २ मिमीची नळी आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो. कापसाचा काटा प्रत्येक गावात आहे, तेवढं काम पाच मिनिटांचं.

जोड असलेली नळी असेल तर अजून एक परीक्षा घ्या. दोन इंचांचा तुकडा कापून, जोड बाजूला येईल असा व्हाइसमध्ये धरून चेपा. जोडावर तडा गेला तर सगळी लांबी परत.

जास्त लोखंड म्हणजे जास्त ताकद, हा समज

काही ठिकाणी चक्क भरीव २५ मिमी सळईची कमान केलेली दिसते. तिचं वजन मीटरला ३.८५ किलो, आणि ४५ × २.५ च्या नळीचं २.६२. तरी वाकण्याला विरोध करण्यात सळई त्या नळीच्या एक चतुर्थांश आहे. लोखंड मध्यापासून जितकं लांब, तितकं ते कामाला येतं. म्हणूनच ५० × २ ची नळी ४५ × २.५ पेक्षा हलकी असूनही जास्त ताठ आहे. पण याच तर्काने व्यास वाढवत आणि भिंत पातळ करत गेलात तर नळी दगडावर डब्यासारखी चेपते.

पाण्याचा मध्यम वर्गाचा दीड इंची पाइप मीटरला ३.५६ किलो आहे. केजला पंचवीस मीटर लागले असं धरलं तर ४५ × २.५ च्या तुलनेत साडेतेवीस किलो जादा, आणि त्यातलं बरंचसं छताच्या उंचीवर. गाडी कलंडू नये म्हणून काही करायचं आणि तिचाच तोल वर न्यायचा!

कॉलेजच्या बाजा गाडीची नक्कल

धुळे, शिरपूर, जळगाव भागातली इंजिनीअरिंगची मुलं बाजा या कच्च्या रस्त्यावरच्या छोट्या गाड्यांच्या कॉलेज स्पर्धेसाठी गाड्या बनवतात. आग्रा रोडने वर गेलं की पीथमपूर, तिथे २००७ पासून ही स्पर्धा रुजली. त्यांच्या नियमात मुख्य नळी २५.४ मिमी व्यास, ३ मिमी जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन अशी आहे. नियम चांगला आहे, पण तो दहा अश्वशक्तीच्या, एका माणसाच्या हलक्या गाडीसाठी. जिप्सी टनभराची, नवी थार पावणेदोन टनांच्या आसपास. एक इंची नळीचा केज त्यांवर शोभेचा.

शोभेवरून आठवलं: पिकअपच्या मागे लाइट लावायला जो चकचकीत स्टेनलेस बार मिळतो, तो रेलिंगच्या पातळ पाइपाचा असतो. लाइट लावा, जिवाचा भरवसा ठेवू नका. चौकोनी पाइपही सोडा. नीट वाकत नाही आणि कोपरा डोक्याला लागतो.

क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची नळी, मागवायचा मोह होतो. ताकद जास्त, कबूल. पण ताठपणा साध्या पोलादाइतकाच, त्यामुळे पातळ घेतली तर जास्त लवते. शिवाय तिला टिग पद्धतीचं वेल्डिंग नीट जमणारा वेल्डर हवा. टाका मारल्यावर पाणी ओतून गार करायची इथल्या वर्कशॉपची सवय क्रोमोलीला ठिसूळ करून तडा देते. साधी सीडीएस घ्या.

चांगली नळी वाकवताना मारणं

वाळू भरून, गॅसने लाल करून वाकवणं ही जुनी पद्धत. गार ओढून आलेली ताकद त्या लालीबरोबर निघून जाते, आणि वाळू ओली असून तोंडं बंद असली तर वाफेने स्फोटही होतो. प्लंबरच्या हायड्रॉलिक बेंडरवर पाइप वळणात चपटा होतो. नळीच्या नेमक्या व्यासाची डाय असलेल्या मशीनवर गारच वाकवून घ्या. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे ४५ मिमीला १३५. वळणात सर्वांत बारीक व्यास सर्वांत मोठ्याच्या ०.९ पट भरला नाही, किंवा आतल्या बाजूला सुरकुती पडली, तर तो तुकडा भंगारात. जोडाची नळी असेल तर जोड वळणाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला नको, कुशीला ठेवा.

नळ्या भेटतात तिथे टोक माशाच्या तोंडासारखं नीट बसवून पूर्ण गोलात वेल्ड हवं. फट रॉडने भरलेली आणि मग ग्राइंडरने गुळगुळीत केलेली दिसली तर पैसे देऊ नका.

पाय पत्र्यावर टेकवणं

उत्तम नळीचा केज पातळ फरशीवर बोल्ट केला तर पलटी खाताना पाय पत्रा फाडून खाली जातात. प्रत्येक पायाखाली ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटीमीटरची पट्टी आणि किमान तीन एम८, ८.८ दर्जाचे बोल्ट हवेत. चॅसिसवर रबरी माउंटवर बसलेल्या बॉडीला निम्मे पाय आणि थेट चॅसिसला निम्मे, असं करू नका. दोन्ही वेगवेगळे हलतात आणि वेल्ड तडकतात.

डोक्याजवळच्या नळ्यांना घट्ट फोम लावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपार जातो, उघडी नळी हाताला चटका देते, ते वेगळंच. चांगला बेल्ट नसेल तर केजमध्ये माणूस आत आपटतो. शिवाय रस्त्यावर चालवायच्या गाडीत बदल करताना मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम आड येतं, तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्या.

नंतर कुरकुर सुरू झाली तर

वेल्डच्या कडेला रंगात केसासारखी रेघ दिसली की रंग खरवडून बघा. तडा असेल तर वरून टाका मारू नका, तो पूर्ण घासून काढून पुन्हा भरा. पावसाळ्यानंतर एखाद्या नळीतून तांबूस पाणी ठिबकलं तर तिथे वेल्ड अपुरं आहे आणि नळी आतून गंजते आहे. दार अचानक नीट लागेनासं झालं तर बिजागरी ठोकण्याआधी केजचे पाय आणि बोल्ट तपासा. आणि गाडी एकदा पलटी झाली असेल, तर वाकलेली नळी तापवून सरळ करू नका. कापून नवी घाला.