पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन करताय? आधी शाफ्ट हलवून बघा

माझ्याकडं प्रीमियर ११८ एनई आहे, १९८५ ला आलेलं मॉडेल, बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निसानचं ए१२, ११७१ सीसी. त्या काळी पद्मिनीतून उतरून हिच्यात बसलं की फरक लगेच कळायचा. सोलापुरात आता अशा गाड्या मोजक्याच उरल्यात, आणि ज्यांच्याकडं आहेत ते भेटले की एकच विचारतात, डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्यातला) पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारा स्विच, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन कसं करायचं. पॉइंटवाल्या बहुतेक चार सिलिंडर गाड्यांना हे चालतंय.

आधी गरज का ते बघा. ६००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनला सेकंदाला २०० ठिणग्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांत ५ मिलिसेकंद, त्यात पॉइंट बंद असतो जेमतेम ३, तेवढ्यात कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) भरायची. वर पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागं सरकतं, रोज थोडं थोडं, त्यामुळं आपल्याला पत्ताच लागत नाही, फक्त वाटतं की गाडी पूर्वीसारखी पळत नाही.

पण इलेक्ट्रॉनिक कीट (पॉइंटऐवजी चुंबकाची रिंग, सेन्सर आणि मॉड्यूल, म्हणजे कॉइलचा करंट तोडणारं सर्किट) आणायच्या आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, आतला फिरणारा रोटर काढा आणि त्याखालचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. हलतोय? मग कितीही भारी कीट लावा, ठिणगी कधी लवकर कधी उशिरा पडणार, कारण चुंबक सेन्सरसमोरून वाकडातिकडा फिरणार. बहुतेक लोक इथंच चुकतात आणि नंतर कीटला शिव्या देतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एवढे लेथवाले आहेत, यंत्रमागाचे पार्ट करून ज्यांचा हात बसलाय असा माणूस बघा, जुना शाफ्ट सोबत न्या आणि मापात बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची बाही) करून घ्या. मग रोटर हातानं पिळून सोडा, स्प्रिंगनं झटकन मागं आला पाहिजे, नाही आला तर वेग वाढला की टायमिंग पुढं नेणारी आतली वजनं गंजलीत, साफ करून थेंबभर तेल द्या. व्हॅक्यूमच्या नळीला (हिच्या ओढीनं हलक्या भाराला टायमिंग पुढं जातं) तोंडानं ओढून धरा, आतली प्लेट सरकून तशीच थांबली पाहिजे, लगेच परतली तर पडदा फाटलाय. व्हॅक्यूम अॅडव्हान्स बंद करून गाडी चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, रोजच्या रस्त्यावर अॅव्हरेज त्याच्यामुळंच मिळतं.

आता बसवायचं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन फिरवून एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा, रोटरचं तोंड कुठंय त्याची डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर खूण करा आणि टोपीचा मोबाईलवर फोटो काढा. माझ्या गाडीची फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम) १-३-४-२, वायरी बदलल्या तरी हीच, दुसरी गाडी असेल तर तिची मॅन्युअलमध्ये बघा. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही काढा, त्या जागी सेन्सर बसवा, कॅमवर चुंबकाची रिंग दाबून बसवा, लाल वायर चावीच्या १२ व्होल्टला, काळी कॉइलच्या निगेटिव्हला. उलटी लागली तर मॉड्यूल जागेवर संपतो. गाडीला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारं व्होल्टेज कमी करणारा) असेल तर लाल वायर त्याच्या आधी जोडायची, कॉइलकडं नाही. कॉइलच्या वायरी सोडून मल्टिमीटरनं ओहम मोजा, १.५ असेल किंवा ३, ते तुमच्या कीटला चालतं का हे कीटच्या कागदावरच बघा, अंदाजानं जोडू नका. आणि प्लगला कार्बनच्या रेझिस्टरवाल्या वायरी घ्या, नुसत्या तांब्याच्या नको, त्यांच्या खरखरीनं मॉड्यूल गोंधळतो.

इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका. माझा पहिला मॉड्यूल वायरिंग तपासताना असाच जळाला. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, त्यामुळं मॉड्यूल बाहेरचा असेल तर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब, पुढं हवा लागेल अशा जागी, खाली थर्मल पेस्ट लावून पत्र्याला घट्ट बसवा, अर्थिंगची जागा पॉलिश पेपरनं घासून.

गाडी चालू झाली की टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आयडलला पुलीवरची खूण बघा. रोटर ज्या बाजूला फिरतो त्या बाजूला डिस्ट्रिब्युटरची बॉडी फिरवली की टायमिंग मागं, उलट फिरवली की पुढं, केसाएवढं केसाएवढं करा. डिग्री मॅन्युअलमधली घ्या आणि बोल्ट आवळल्यावर परत एकदा बघा, आवळताना सरकतंच. इंजिन चालू असताना कॉइलच्या पॉझिटिव्हला व्होल्टेज मोजा, बॅलास्ट नसलेल्या गाडीत ते बॅटरीच्या जवळपास पाहिजे, एक-दोन व्होल्ट कमी दिसला तर चावीचं जुनं वायरिंग दमलंय, बॅटरीवरून रिले टाकून थेट लाइन द्या, माझ्या गाडीत खरा फरक ह्यानंच पडला.

मग तुळजापूरचा घाट. तिसऱ्या गियरमध्ये चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर द्या, काच खाली घेऊन ऐका, कडकड आवाज आला तर टायमिंग दोन डिग्री मागं. नाही आला आणि पिकप साफ असला तर तसंच राहू द्या.

काढलेला पॉइंट आणि कंडेन्सर फेकू नका, फिलर गेज आणि स्क्रू ड्रायव्हरसोबत पिशवीत घालून डिकीत ठेवा, रात्री मोहोळच्या पुढं कुठं मॉड्यूल गेला तर तिथंच परत बसवून घरी येता येतं.