ब्राझिली बचावपटूच्या क्लब-कारकीर्दीचा तक्ता कसा तयार करावा

फुटबॉलमध्ये आघाडीच्या खेळाडूची कारकीर्द गोलांच्या आकड्यांवरून अर्धीमुर्धी तरी कळते. बचावपटूचं तसं नाही. क्लब, वर्षं, सामने आणि गोल एवढ्या चार रकान्यांत त्याला बसवलं, की हाती नुसती पत्त्यांची यादी उरते: आधी इथे होता, मग तिथे गेला. का गेला, गेल्यावर खेळला का, नसेल खेळला तर का नाही, हे समजायला तक्ताच वेगळा आखावा लागतो. ब्राझीलमधून युरोपात गेलेल्यांच्या बाबतीत तर हमखास, कारण तिथला हंगाम वेगळा, पासपोर्टचे नियम वेगळे आणि मालकीहक्कांचा गुंता वेगळा. नमुन्यादाखल थियागो सिल्वा घेऊ. त्याच्या कारकीर्दीत चुकायच्या जवळपास सगळ्या जागा आहेत.

आधी रकाने

दहा रकाने आखा: क्लब, करार जाहीर झाल्याची तारीख, खेळण्यास पात्र ठरल्याची तारीख, पहिला अधिकृत सामना, कायम की लोन (म्हणजे दुसऱ्या क्लबला तात्पुरता दिलेला), लीगचे सामने, सर्व स्पर्धांचे सामने, क्लब सोडल्याची तारीख, रक्कम आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा.

करार आणि पात्रता वेगळ्या ठेवायचं कारण असं, की या दोन तारखांमध्ये कधीकधी अख्खा अर्धा हंगाम जातो. ब्राझीलमध्ये महासंघाच्या रोजच्या पत्रकात, म्हणजे ‘बीआयडी’त, नाव छापून आल्याशिवाय खेळाडूला मैदानात उतरता येत नाही. जर्सी हातात धरून फोटो काढल्याचा दिवस ही पात्रतेची तारीख नव्हे.

नावावर विसंबू नका, जन्मतारीख लिहा. आर्सेनलकडून गाब्रिएल नावाचे दोन ब्राझिली सेंटर-बॅक (मधले बचावपटू) खेळले आहेत. गाब्रिएल पाउलिस्ता (जन्म २६ नोव्हेंबर १९९०) जानेवारी २०१५ मध्ये विलारेआलमधून आला आणि २०१७ मध्ये व्हॅलेन्सियाला गेला. गाब्रिएल मागाल्यायेस (जन्म १९ डिसेंबर १९९७) २०२० मध्ये लीलमधून आला. जुन्या बातम्यांत दोघांचाही उल्लेख नुसता ‘गाब्रिएल’ असा सापडतो आणि एकाचे सामने दुसऱ्याच्या नावावर चढतात.

जन्मतारखेचा आणखी एक उपयोग आहे. फिफाच्या नियमानुसार, काही अपवाद सोडले तर, १८ पूर्ण होण्याआधी देशाबाहेरच्या क्लबकडे नोंदणी होत नाही. त्यामुळे सतराव्या वर्षी ‘युरोपात गेला’ असं दिसलं तर थांबा. राफाएल आणि फाबिओ दा सिल्वा हे जुळे बचावपटू (जन्म ९ जुलै १९९०) रिओच्या फ्लुमिनेन्सी क्लबहून मँचेस्टरला पोचले जानेवारी २००८ मध्ये, पण मँचेस्टर युनायटेडकडे त्यांची नोंदणी झाली जुलैत, अठरावं पूर्ण झाल्यावर.

हंगाम कसा लिहायचा

ब्राझीलमधलं वर्ष म्हणजे कॅलेंडरचं वर्ष: सुरुवातीला राज्य स्पर्धा (रिओची कारिओका, साओ पाउलोची पाउलिस्ता), आणि डिसेंबरपर्यंत राष्ट्रीय लीग. म्हणून ब्राझीलची ओळ ‘२००७’ अशी आणि युरोपची ‘२०१२-१३’ अशी. लीगच्या आकड्यात राज्य स्पर्धेचे सामने मिसळू नका. त्यांच्यासाठी वेगळा रकाना केलात तर उत्तमच, नाहीतर निदान ते फक्त ‘सर्व स्पर्धा’त धरा.

घोळ होतो तो जानेवारीतल्या ट्रान्सफरला. ब्राझिली खेळाडूचं वर्ष डिसेंबरात संपतं, तेव्हा युरोपचा हंगाम मध्यावर असतो. ब्राझिली बचावपटू लुसिओ जानेवारी २००१ मध्ये इंतरनासिओनालहून बायर लेव्हरकुझनला गेला. त्याची पहिली जर्मन ओळ ‘२०००-०१’ आहे, ‘२००१-०२’ नव्हे. अशा अर्ध्या ओळीला शेऱ्यात ‘जानेवारीपासून’ असं लिहा, म्हणजे कमी सामने बघून कोणी दुखापतीचा तर्क लढवणार नाही.

थियागो सिल्वा, ओळीने

जन्म २२ सप्टेंबर १९८४, रिओ दि जानेरो. २००४ मध्ये झुवेंतुदे. हा ब्राझीलच्या दक्षिणेकडचा क्लब. तुरीनच्या युव्हेंटसशी त्याचा काही संबंध नाही, तरी मराठीत लिहिताना दोन्ही नावं एकमेकांत हमखास अडकतात, तेव्हा क्लबपुढे शहर किंवा देश लिहायची सवय ठेवा.

मग पोर्तो. इथे तक्त्यात दोन ओळी हव्यात: ‘पोर्तो’ आणि ‘पोर्तो ब’. सिल्वा या काळात खेळला तो राखीव संघाकडून, तेव्हाच्या पोर्तुगालच्या तिसऱ्या स्तरावर. या काळातल्या मुख्य संघाच्या ओळीत शून्य. राखीव संघाचे सामने मुख्य ओळीत टाकले, तर आधीच्याच मोसमात युरोपचा विजेता ठरलेल्या संघाकडून तो खेळला असा चुकीचा अर्थ निघतो.

पुढची ओळ दिनामो मॉस्को, २००५. अधिकृत सामने: शून्य. अशी शून्याची ओळ बरेच जण जागा वाचवायला गाळतात, आणि नेमकी तीच गाळायची नसते. मॉस्कोत त्याला क्षयरोग झाल्याचं निदान झालं आणि त्याला सुमारे सहा महिने रुग्णालयात काढावे लागले. शेरा: ‘आजारपण, एकही अधिकृत सामना नाही’. हा शेरा नसेल तर २००६ मध्ये तो परत ब्राझीलला, फ्लुमिनेन्सीकडे, का गेला याचा काही पत्ता लागत नाही आणि ‘युरोपात जमलं नाही’ असा सोपा निष्कर्ष तयार होतो.

फ्लुमिनेन्सी, २००६ ते २००८. इथे २००७ ची कोपा दो ब्राझील (राष्ट्रीय चषक स्पर्धा) जिंकली. २००८ च्या लिबेर्तादोरेसच्या (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेच्या) अंतिम फेरीत एलडीयू कितोकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हार.

आता मिलान, आणि दोन तारखांचा रकाना का लागतो त्याचा धडधडीत पुरावा. करार झाला डिसेंबर २००८ मध्ये. पण युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंच्या मिलानच्या जागा भरलेल्या होत्या, त्यामुळे उरलेला २००८-०९ हंगाम त्याने सराव आणि मैत्रीपूर्ण सामन्यांवर काढला. अधिकृत सामने सुरू झाले २००९-१० पासून. मैत्रीपूर्ण सामने कुठल्याही रकान्यात धरायचे नसतात. ते धरले की पदार्पणाची तारीखच चुकते. मिलानकडून सर्व स्पर्धांत ११९ सामने आणि २०१०-११ चं सेरी आ (इटलीची लीग) विजेतेपद.

या जागांचं गणित देशागणिक बदलतं. स्पेनच्या ला लीगात संघाला असे तीनच खेळाडू ठेवता येतात. इटलीत परदेशातून असे नवे किती आणायचे यावर बंधन आहे. पोर्तुगालमध्ये तशी मर्यादा नाही. इतक्या ब्राझिली बचावपटूंचा युरोपातला पहिला मुक्काम पोर्तो किंवा बेनफिका का असतो, याच्या उत्तराचा मोठा भाग इथेच आहे. भाषा हा दुसरा भाग. एदेर मिलिताव साओ पाउलोहून २०१८ मध्ये पोर्तोला आणि पुढच्याच वर्षी ५ कोटी युरोंना रेआल माद्रिदला गेला. इंग्लंडमध्ये २०२१ पासून युरोपीय खेळाडूंनाही गुणांवर परवाना घ्यावा लागतो, त्यामुळे तिथे हा फरक पुसला गेला.

पॅरिस सेंट-जर्मन, जुलै २०१२ पासून. इथे लीगचे सामने २०४ आणि सर्व स्पर्धांचे ३१५. दोन आकड्यांतल्या १११ सामन्यांत दोन फ्रेंच चषक, सुपर कप आणि चॅम्पियन्स लीग आहेत. इंटरनेटवरच्या छोट्या चौकटींत बहुधा फक्त लीगचा आकडा असतो, बातमीत मात्र एकूण. एका खेळाडूचा लीगचा आणि दुसऱ्याचा एकूण आकडा शेजारीशेजारी ठेवून तुलना करणं ही या कामातली सगळ्यात जास्त होणारी चूक. सात लीग विजेतेपदांपैकी शेवटचं २०१९-२० चं. तो हंगाम कोविडमुळे मध्येच थांबवला गेला, म्हणून त्या ओळीत सामने कमी दिसतात. शेऱ्यात तसं लिहा.

सोडल्याच्या तारखेतही मेख आहे. त्याचा करार जून २०२० अखेर संपत होता, पण लांबलेल्या चॅम्पियन्स लीगसाठी तो वाढवला गेला आणि २३ ऑगस्टला लिस्बनमध्ये बायर्न म्युनिककडून ०-१ हरलेला अंतिम सामना हा त्याचा पॅरिसकडून शेवटचा ठरला. तक्त्यात ‘३० जून’ लिहिलंत तर तो सामना कोणाच्याच खात्यात बसणार नाही.

चेल्सी, ऑगस्ट २०२०, फ्री ट्रान्सफर. पदार्पण कोणतं धरायचं? लीग कपात २३ सप्टेंबरला बार्न्सलीविरुद्ध. प्रीमियर लीगमधलं पदार्पण तीन दिवसांनी, वेस्ट ब्रॉमविरुद्ध ३-३. ‘पहिला अधिकृत सामना’ म्हणजे बार्न्सली. दुसरा हवा असेल तर ‘लीगमधला पहिला’ असं स्पष्ट म्हणा.

२९ मे २०२१ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना बघा. चेल्सीने मँचेस्टर सिटीला १-० हरवलं, पण सिल्वा दुखापतीमुळे ३९ व्या मिनिटाला बाहेर गेला आणि आंद्रेआस ख्रिस्टेन्सन आत आला. सामन्यांच्या रकान्यात दोघांच्याही नावावर ‘१’. शक्य असेल तर मिनिटांचा अकरावा रकाना जोडा. बचावपटूच्या बाबतीत तो गोलांच्या रकान्यापेक्षा कितीतरी कामाचा. (सामना झाला पोर्तोच्या मैदानावर, ज्या क्लबच्या मुख्य ओळीत तेव्हा त्याचं शून्य होतं.) चेल्सीकडून एकूण १५५ सामने, आणि २०२४ मध्ये पुन्हा फ्लुमिनेन्सी. परतीची ओळ जुन्या ओळीत मिसळू नका, नवी करा.

लोन आणि पैसे

लोनची ओळ मूळ क्लबच्या ओळीखाली थोडी आत सरकवून लिहा. मागाल्यायेस जानेवारी २०१७ पासून लीलचाच होता. त्रॉय आणि दिनामो झाग्रेब हे मधले लोन. उलट मार्किन्योस २०१२ मध्ये कोरिंथियान्सहून रोमाला गेला तो लोनवरच, पण खरेदीच्या अटीसह, आणि २०१३ मध्ये पॅरिसला त्याला विकलं रोमाने. नुसतं ‘लोन’ लिहून भागत नाही. अट होती का, ते लिहा.

रकमेपुढे चलन लिहा आणि आकडा क्लबने जाहीर केलेला आहे की बातम्यांतला, तेही. ब्राझीलमध्ये पूर्वी एका खेळाडूचे आर्थिक हक्क क्लब, एजंट आणि गुंतवणूकदार यांच्यात वाटलेले असायचे. फिफाने १ मे २०१५ पासून त्याला बंदी घातली. त्याआधीच्या व्यवहारात ‘८० टक्के हक्क ८० लाखांना’ असं दिसलं तर खेळाडूची किंमत १ कोटी धरायची, ८० लाख नव्हे.

सॉलिडॅरिटीचा हिशेब स्वतः करून बघण्यासारखा आहे. करार चालू असताना खेळाडू परदेशी क्लबला विकला गेला, की रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना जातात: १२ ते १५ व्या वाढदिवसाच्या हंगामांना प्रत्येकी ०.२५ टक्के, १६ ते २३ व्या वाढदिवसाच्या हंगामांना प्रत्येकी ०.५ टक्का. सिल्वाच्या मिलान-पॅरिस व्यवहाराचा बातम्यांतला आकडा सुमारे ४ कोटी २० लाख युरो. फ्लुमिनेन्सीच्या मुख्य संघात असताना त्याचे बाविसावा आणि तेविसावा हे दोन वाढदिवस (२००६, २००७) या नियमात बसतात. म्हणजे १ टक्का, कागदोपत्री ४ लाख २० हजार युरो, कुमार वयातली वर्षं वेगळी. २००८ चं वर्ष (चोविसावा वाढदिवस) धरायचं नाही. चेल्सीला तो फुकट गेला, त्या व्यवहारात कोणालाच काही नाही.

गोव्याची ओळ

लुसिओच्या तक्त्यात लेव्हरकुझन, बायर्न, इंटर (२०१० ची तिहेरी विजेतेपदं), युव्हेंटस, साओ पाउलो आणि पाल्मेइरासनंतर एफसी गोवा येतो, ब्राझीलचा माजी खेळाडू झिको प्रशिक्षक असताना. युव्हेंटसची ओळ अर्धीच आहे: २०१२ च्या उन्हाळ्यात आला, डिसेंबरात करार संपवला. गोव्याच्या ओळी मात्र ‘२०१५’ आणि ‘२०१६’ अशा एकेरी वर्षाच्या, कारण इंडियन सुपर लीग तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबरात आटपायची. २०१५ चा अंतिम सामना २० डिसेंबरला फातोर्ड्यात झाला आणि गोवा चेन्नईयिनकडून २-३ हरला. पुढे २०१७-१८ पासून ही लीग दोन वर्षांवर पसरली, तेव्हा नंतरच्या ब्राझिली खेळाडूंच्या भारतातल्या ओळी युरोपसारख्या जोडवर्षाने लिहाव्या लागतात.