अ‍ॅव्हरेजसाठी हेड घासताय? या चुका टाळा

पेट्रोलचा खर्च टोचायला लागला की गॅरेजवर पोरं येतात. "दादा, हेड घासून द्या, अ‍ॅव्हरेज वाढतंय म्हणे." हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण; ते घासलं की आतली जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, वाढतं. कॉम्प्रेशन वाढलं की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं, हे खरं. पण 9 चं 10 केलं तरी फायदा हिशोबानं 3 टक्क्यांच्या आसपास. 60 देणारी गाडी 62 च्या आतच राहते. त्याआधी ब्रेक घासतोय का, टायरात हवा किती, एअर फिल्टर कधी बदलला, एवढं बघा. बऱ्याच गाड्या मी इंजिन न उघडताच परत पाठवतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे न मोजता घासणं. जिंतूरकडचा एक दूधवाला भर मे महिन्यात गाडी ढकलत आला, मागं दोन भरलेले कॅन. कुठंतरी लेथवर हेड 1 मिमी उतरवून आणलेलं. चढावर इंजिन टिणटिण वाजायचं, त्याला वाटलं टॅपेट (व्हॉल्वची फट) वाजत असतील. हेड काढलं तर पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी.

97 सीसीची गाडी, 50 मिमी बोअर (सिलिंडरची आतली रुंदी), 9 चं कॉम्प्रेशन धरा. पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा जेमतेम 12 सीसी. बोअरभर रुंदीचा 1 मिमी थर गेला की त्यातली जवळपास 2 सीसी गेली, 9 चं साडेदहा झालं. वर परभणीचं ऊन, पंपावरचं साधं पेट्रोल, मागं दुधाचं वजन. प्लगची आग पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण आपोआप पेटतं, तीच ती टिणटिण. पिस्टन नवा, बोअर नवा, हेडही नवं. दोन्ही कॅन त्या दुपारी माझ्या दारात नासले.

मी हेड पालथं ठेवतो, व्हॉल्व आणि प्लग बसवून. कडेला ग्रीस, वर भोक पाडलेली काच, आणि 20 मिलीच्या सिरिंजनं पातळ ऑईल भरत आतली जागा मोजतो. अर्धा तास जातो. ज्याला तेवढा दम नाही त्यानं हेडला हात लावू नये.

दुसरी चूक टायमिंगची. हेड खाली आलं की कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) खाली येतो, त्याची चेन ढिली पडते, चेन ताणणारा टेन्शनर ती ढील ओढून घेतो आणि कॅम मागं पडतो. कॅमच्या 28 दातांच्या स्प्रॉकेटवर 1 मिमीला क्रँकचे (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचे) साधारण 4 अंश. ते भरून काढायला पोरं एक दात पुढं टाकतात. अरे, एक दात म्हणजे क्रँकचे जवळपास 26 अंश! व्हॉल्व पिस्टनवर आपटू शकतो. मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन अगदी वर आल्याची) आणि स्प्रॉकेटची खूण जुळवा, मग प्लग काढून पान्यानं क्रँक दोन फेरे हळू फिरवा. कुठं अडलं तर थांबा. थेट किक मारायची नाही.

टॅपेट थंड इंजिनवर, फट मोजायच्या फिलर गेजनं, कंपनीच्या मापानंच. आवाज नको म्हणून टाईट केलेला एग्झॉस्ट व्हॉल्व पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व जळतो.

कॉम्प्रेशन वाढवायला हेडखालचं गॅसकेट (सांध्यातली पट्टी) काढून नुसता शेलॅक (चिकट लेप) लावणं: माझ्या दुकानात होत नाही.

आणि बाटलीभर पेट्रोल टाकून अ‍ॅव्हरेज मोजू नका. टाकी फुल करा, रोजच्या रस्त्यावर 200 किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा. कामाआधी एकदा, कामानंतर एकदा.