डिझेल मेकॅनिक व्हायचंय? आयटीआय सुरू होण्याआधी एवढं करून ठेवा

दहावीचा निकाल हाती आला की पहिलं काम कागदपत्रांचं. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, हे सगळं एका फायलीत लावा. दाखला काढायला वेळ लागतो आणि प्रवेशफेरी कोणासाठी थांबत नाही, म्हणून दाखल्याचा अर्ज निकालाआधीच टाकलेला बरा. 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' दोन वर्षांचा. मुंबईत मुलुंड, कुर्ला, बोरिवली, दादर, लोअर परळ अशा ठिकाणी शासकीय आयटीआय आहेत, पण प्रत्येक ठिकाणी प्रत्येक ट्रेड असेलच असं नाही. पर्याय भरताना ते पाहा आणि घरापासूनचा प्रवासही मोजा. उशीर झाला की बुडतं ते प्रॅक्टिकल, आणि या कामात प्रॅक्टिकलच खरं शिक्षण आहे.

जून-जुलैत रिकामा वेळ मिळेल, तो मोजमापावर घालवा. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, म्हणजे जाडी-व्यास बारकाईने मोजायची साधनं, वाचता आली पाहिजेत, मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे किती ते डोक्यात बसलं पाहिजे. क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) चालेल की बदलायचा, हे त्यावरच ठरतं. सोबत एक गोष्ट नीट समजून घ्या: डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. हे पक्कं झालं की सकाळी इंजिन लवकर चालू का होत नाही आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ताकद का उतरते, याची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडू लागतात.

हत्यारांचा अख्खा बॉक्स आत्ता घेऊ नका. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात जाऊन रिंग पान्यांचा एक चांगला सेट, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) आणि वीज तपासायचा साधा मल्टिमीटर घ्या. हलक्या प्रतीचा पाना घसरतो, नटाच्या कडा झिजवतो आणि बोटंही सोलतो. मल्टिमीटरला चैन समजू नका. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं, तेव्हापासून ट्रकच्या इंजिनावर सेन्सर आणि वायरिंग खूप वाढलं. नुसत्या कानाने आवाज ओळखणारे उस्ताद आजही मोठेच आहेत, पण वायरिंगचा नकाशा वाचता येत नसेल तर नव्या गाडीसमोर हात बांधल्यासारखं होतं.

आता सुरक्षेचं, आणि हे मी कळकळीने सांगतोय. पोकलेनच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये तीनशे बारच्या वर दाब असू शकतो. होजला (ऑइलच्या रबरी नळीला) सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी त्यातून निघणारं ऑइल कातडीतून थेट आत शिरतं. जखम डास चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावायची वेळ येते. म्हणून गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. ऑइल आत गेलं असं वाटलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना 'दाबाखालचं ऑइल' हे शब्द सांगायचे. होज खोलण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा. डंपरचा हौदा वर असेल तर त्याला पक्का टेकू लावल्याशिवाय खाली वाकू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच नाही. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवून या. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह.

मुंबईत राहून पावसाची तयारी विसरून चालणार नाही. पाण्यात बुडालेली गाडी 'एकदा मारून बघू' म्हणत स्टार्ट करायला देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि फक्त सफाईचं काम इंजिन खोलण्यावर जातं. डिझेल फिल्टरच्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी कसं काढतात, हे ओळखीच्या ट्रकवाल्याकडे आत्ताच पाहून घ्या.

अंगात सुती कपडे, पायात पुढे लोखंडी टोपी असलेले बूट, कानात इअरप्लग. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू असेल तर शटर उघडायला लावा, नवखं असलात तरी बोला. डिझेलचा धूर कॅन्सरला कारणीभूत ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे.

वर्षअखेरच्या परीक्षेनंतर अप्रेंटिसशिप. एसटी, बेस्ट, रेल्वे, नेव्हल डॉकयार्ड यांच्या जाहिरातींवर आधीपासून नजर ठेवा आणि अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवरची नोंदणी शेवटच्या दिवसावर टाकू नका. जिथे रात्रपाळी असेल, तिथून परतायची शेवटची लोकल किती वाजता आहे तेही पाहून ठेवा.