आधी क्रियापद तपासावे
कतरिना चक्रीवादळानंतर, ऑगस्ट २००५ मध्ये, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातल्या छातीभर पाण्यातून खाद्यपदार्थ नेणाऱ्यांची छायाचित्रे दोन वृत्तसंस्थांनी दिली. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखाली 'किराणा दुकान लुटून' असे होते, तर दोन गोऱ्या व्यक्तींच्या चित्राखाली त्यांना पाव आणि सोडा 'सापडल्यानंतर' असे. म्हणून चित्राखालची ओळ वाचताना क्रियापदावर बोट ठेवावे, तिथे दुसरे क्रियापद घालून पाहावे आणि चित्रात प्रत्यक्ष दिसते किती व लिहिणाऱ्याने जोडले किती, हे वेगळे काढावे. आपल्याकडचा 'लाठीमार करण्यात आला' हा लाडका प्रयोग तर अधिकच संशयाने वाचावा, कारण त्यात मारणारा व्याकरणानेच गाळलेला असतो, 'कोणी?' असे विचारून तेच वाक्य कर्तरी प्रयोगात लिहून पाहावे.